नऊ हजार फुटांवरचं लायसन्स

चार मराठी घरं एका डोंगरावर राहायला गेली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आणि त्यांतले निम्मे सांगताना वाढतात. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत असल्यामुळे पुराव्याबद्दल जरा हट्टी आहे. म्हणून इथे फक्त तेच किस्से सांगते, जे मी स्वतः पाहिले किंवा ज्यांना किमान दोन साक्षीदार आहेत!

ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं आम्ही कोलोराडोतल्या एका लहानशा गावात काढली. गाव नऊ हजार फुटांवर. दर शनिवारी सगळे जमायचे ते वसंतकाकांकडे. काका गावातले एकमेव डेंटिस्ट. सुमतीकाकू मूळच्या साताऱ्याच्या, वय बावन्न. त्यांची मुलगी अनिता अठरा वर्षांची, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. खाणीतला इंजिनिअर अरविंद नागपूरचा.

काकूंचं घर गावापासून चार मैल वर, एका चढाच्या टोकाला होतं. काकांचा दिवस दवाखान्यात जायचा, त्यामुळे काकूंना कुठेही न्यायचं तर अनितानेच. आणि अनिता ऑगस्टमध्ये कॉलेजला निघणार होती!

"ऑगस्टच्या आत लायसन्स मिळालं तर ठीक," काकू मला म्हणाल्या होत्या, "नाहीतर शुभा, ऑक्टोबर ते एप्रिल मी आणि ती खिडकी. मागच्या हिवाळ्यात मी त्या खिडकीशी बोलायला लागले होते गं."

हे त्या हसत म्हणाल्या. मी मात्र हसले नाही.

*

काकांचा उपाय वेगळा होता. त्यांनी पोस्टाने बारा कॅसेट मागवल्या होत्या: पॉझिटिव्ह एनर्जी कशी टिकवावी! त्या ऐकून त्यांनी शनिवारच्या बैठकीला नियमच घातला. घरात नकारार्थी वाक्य बोलायचं नाही. बोलेल त्याने जेवणानंतर सगळी भांडी घासायची.

मी विचारलं, "काका, या एनर्जीचं एकक काय? ज्यूल? कॅलरी?"

"हसू!"

"आणि ते मोजायचं कशाने?"

"किती दात दिसतात त्यावरून!" काका म्हणाले. "बत्तीस दिसले की फुल चार्ज!"

"हे शास्त्र नाही, काका," मी म्हणाले.

त्या शनिवारी भांडी मी घासली. पुढच्याही.

*

अरविंद नवा आला तेव्हाची गोष्ट. पठ्ठ्याने उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लावली. तीन तासांनी फोन आला, "शुभाताई, डाळ दगड आहे अजून. अमेरिकन डाळ अशीच असते का?"

मी त्याला समजावलं की या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं आणि डाळ बिचारी गरम पाण्यात नुसती डुंबत राहते. कुकर हवाच.

शनिवारी तो पातेलं घेऊनच काकूंकडे आला. काकांनी त्यावर दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "डाळ शिजते आहे, असं मनात आणा सगळ्यांनी."

काकूंनी त्यांच्या हाताखालून पातेलं ओढलं आणि डाळ कुकरमध्ये ओतली. "तुम्ही मनात आणा. मी शिट्ट्या मोजते."

*

आमच्याकडे मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बोटीने यायचा. म्हणजे बातमी हातात पडेपर्यंत दोन महिने उलटलेले. पण चर्चेचा आवेश असा, की जणू आमचं मत ऐकूनच तिकडे निर्णय व्हायचा आहे!

एकदा काका आणि अरविंद एका मंत्र्यावरून भिडले. काका म्हणत, माणूस कर्तबगार आहे, पाच वर्षं हलत नाही. अरविंद म्हणे, "काका, दिवाळी पाहत नाही तो!" टेबलावर मुठी आपटल्या. ताकाचं भांडं लवंडलं. मी दोघांनाही आकडे विचारले, दोघांकडेही नव्हते.

दीड तासाने काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तो गेला की."

"कुठे गेला?"

"खुर्चीवरून. ताईचं पत्र विमानाने येतं ना, त्यात होतं. पंधरा दिवस झाले."

"अगं, मग आधी का सांगितलं नाहीस?" काका ओरडले.

"पोळ्या व्हायच्या होत्या. म्हटलं, चालू द्या तुमचं!"

*

मे महिन्यात काकूंची पहिली ड्रायव्हिंग टेस्ट झाली. आमच्या भागात टेस्ट म्हणजे थोडं गाव आणि बाकी सगळी वळणंच. काकूंचं बालपण वडिलांच्या गाडीत, वाईहून पाचगणीचा घाट चढण्यात गेलेलं. घाटात वळण आलं की हॉर्न वाजवायचा, हे त्यांच्या लेखी श्वास घेण्याइतकं साधं.

अमेरिकेत हॉर्न म्हणजे शिवी. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आम्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही!

परीक्षक उंच, शांत, भुरकट मिशांचा माणूस होता. पहिल्या वळणावर हॉर्न. तो दचकला. दुसऱ्या वळणावर हॉर्न. तिसऱ्यावर दोनदा, कारण वळण मोठं होतं. नवव्या वळणावर त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, समोर कोणी नाही. तुम्ही हॉर्न कोणाला देताय?"

काकू इंग्रजीत ठामपणे म्हणाल्या, "जो अजून दिसला नाही, त्याला!"

काकू नापास झाल्या. मला विचाराल तर त्या गावात इतकं तर्कशुद्ध उत्तर दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

"आई, यू आर नॉट इन अ घाट!" अनिता कपाळाला हात लावून म्हणाली.

"मग हे काय आहे गं?" काकूंनी खिडकीबाहेरच्या दरीकडे बोट दाखवलं.

*

जूनमध्ये दुसरी टेस्ट. हॉर्नला हातही लावायचा नाही, हे घोकून घेतलेलं. वळणं सुंदर झाली. उतारावर गिअर बरोबर. आणि मग गावातला तो एकमेव चौक आला, जिथे चारही बाजूंना थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं.

काकू आधी आल्या होत्या. पण डावीकडे एक म्हातारे गृहस्थ थांबले. काकूंनी हाताने खूण केली: या, तुम्ही या. मग समोरची बाई. तिच्या मागच्या सीटवर बाळ. या, तुम्ही पुढे व्हा. मग उजवीकडचा ट्रक. तोवर म्हाताऱ्यांच्या मागे आणखी एक म्हातारे!

परीक्षक म्हणाला, "मॅडम, पाळी तुमची आहे."

"हो, पण त्यांना घाई आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला घाई नाहीये ना, म्हणून!"

पुन्हा नापास. घरी आल्यावर काका म्हणाले, "आपण याकडे पॉझिटिव्हली पाहू." काकू खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या शनिवारी नियम मोडून सगळेच नकारार्थी बोललो, आणि भांडी काकांनी घासली.

*

आता हातात जुलै उरला होता. मी एक वही सुरू केली: रोज एक तास सराव, चुका तारखेनिशी. काकांनी गाडीत कॅसेट घातली. दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू.

एका सकाळी काकू चालवत होत्या, मी शेजारी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हवा. कॅसेटमधला गोड आवाज म्हणाला, "आता सावकाश डोळे मिटा."

मी किंचाळले, "काकू, नको!"

काकूंनी शांतपणे सिग्नल दिला, आरसा पाहिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग डोळे मिटले. दोन मिनिटांत मागे पोलिसांची गाडी.

"मॅम, सगळं ठीक आहे ना?"

काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "मी ठीक आहे. हिच्याकडे बघा."

मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते. वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं: गाडी कडेला घेणे, निर्दोष.

*

तिसरी टेस्ट जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी. काकू पास झाल्या! दहा वाजता त्यांनी काकांना दवाखान्यात सोडलं, "मी घरी जाते, शिरा करते," म्हणाल्या आणि निघाल्या.

बारा वाजता अनिताने घरून दवाखान्यात फोन केला: आई आलेली नाही. एक वाजता पेशंट परत पाठवून काका अरविंदच्या गाडीतून वर आले. येताना दोघांनी चार मैलांची दरी दोनदा पाहिली. मीही पोचले. अडीचला ढग दाटून आले, डोंगरावर वीज कडाडली.

"कोणी वाईट बोलायचं नाही," काका म्हणाले. मिनिटभराने स्वतःच म्हणाले, "मी तिला एकटीला सोडायला नको होतं."

"बाबा, शी इज अ गुड ड्रायव्हर," अनिता म्हणाली, पण तिने हातातली उशी घट्ट आवळली होती.

मला धीर देता येत नाही. मला फक्त खरं माहीत होतं तेवढं मी सांगितलं, "टाकी भरलेली होती."

सव्वातीनला फोन वाजला. काकांनी झडप घातली. काकूंचा आवाज इतका खणखणीत की खोलीभर ऐकू आला.

"अहो, मी डेन्व्हरला आहे!"

"डेन्व्हर? तीन तास लांब? कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर म्हणजे? गाडीबरोबर!"

"अगं, पण तू घरी निघाली होतीस ना?"

"निघालेच होते. आपलं वळण आलं, पण रस्ता पुढेही जात होता." क्षणभर पलीकडे नुसती वाहनांची घरघर. मग, "बरं ते जाऊ दे. इथे ताजी कोथिंबीर आलीय. दुकानदार थांबलाय, लवकर सांगा."

काकांनी रिसीव्हर छातीशी धरला, आमच्याकडे वळले आणि विचारलं, "कोणाला किती जुड्या?"