चुडामणनं न घेतलेली नक्कल

चुडामणचा पाय जागेवर ठरत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. एसटीत बसला की दर स्टॉपला खिसा चाचपून तिकीट बघणार. बायको रत्ना म्हणायची, हा माणूस झोपेतही गॅसची टाकी बंद करून येतो. आणि पोटापाण्यासाठी त्याला कामही तसलंच मिळालेलं.

जळगावला मेहरूणमध्ये एका कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसून तो ऑस्ट्रेलियातल्या दवाखान्यांचा डेटाबेस राखायचा. मेनफ्रेम नावाचा एक जुना, दणकट कम्प्युटर तिकडेच कुठंतरी थंड खोलीत होता. त्याच्या पोटातल्या टेबलांच्या, म्हणजे माहितीच्या तक्त्यांच्या, नकला काढून ठेवायच्या, आणि काही बिघडलं की नकलेवरून सगळं पुन्हा उभं करायचं, हे त्याचं काम. बावीस वर्षं. गावात कोणी विचारलं तर सांगायचा, "जशे बी राखी ठेवतस ना पुढला पेराले, तशे मी राखी ठेवस." एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं.

नागपंचमी झाली आणि खानदेशातला देवीचा सण, कानबाई, आली. धुळ्याकडे पांझरेच्या काठी त्याचं गाव. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू भाऊबंदकीतल्या पुरुषांच्या नावानं मोजतात. नाव निघालं आणि माणूस हजर नसला, तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून शुक्रवारी चारची गाडी चुकवून चालणार नव्हतं.

नेमकी त्याच दिवशी तिकडची रोजची फाइल उशिरा, दुपारी आली, आणि तीही मोठी. कोणत्या रोग्याला कोणतं औषध चालत नाही, त्याच्या एक्केचाळीस हजार नव्या ओळी. चुडामणनं त्या टेबलात भरल्या. लवकर व्हावं म्हणून लॉग न ठेवता भरल्या. लॉग म्हणजे मशीन प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं ती वही. असं भरलं की मशीन टेबलावर खूण लावून अडून बसतं, आधी पूर्ण नक्कल घ्या, मग पुढं जा. नकलेला चाळीस मिनिटं लागणार होती. गाडीला पंचवीस राहिली होती. खूण हातानं काढायचा एक हुकूम असतो. चुडामणनं तो दिला, नक्कल सोमवारी घेऊ म्हणाला, आणि पिशवी उचलून पळाला.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर निघायची वेळ. ओट्यावर बाया फुगड्या घालत होत्या, हलगी तापत होती. पावणेदहाला ज्योत्स्नाचा फोन आला. ज्योत्स्ना त्याच्या हाताखालची, चाळीसगावची पोरगी, डोक्यानं तल्लख.

"सर, सकाळी त्यांच्या कोणाच्या तरी चुकीच्या प्रोग्रामनं औषधांचं टेबल खराब केलं. मी गुरुवारची नक्कल घेऊन रिकव्हरी लावली. लॉगवरून पुढं येत होतं, पण शुक्रवारी दुपारी येऊन थांबलंय. म्हणतंय, याच्या पुढं जाता येत नाही."

जिथं थांबायला नको तिथंच थांबलं होतं. लॉगमध्ये त्या ओळीच नव्हत्या, नक्कलही नव्हती.

"दवाखाने काय करताहेत?"

"कागदावर आलेत, सर. रोग्यालाच विचारून औषध देताहेत. पण जो बेशुद्ध आलाय त्याला काय विचारणार?"

तो परसात गेला, परत आला, परत गेला. शनिवार-रविवार त्या टेबलाला कोणी हात लावला नव्हता, एवढं एक बरं होतं. म्हणजे शुक्रवारच्या आधीपर्यंत टेबल उभं करायचं आणि शुक्रवारची मूळ फाइल पुन्हा भरायची. पण तिकडं फक्त शेवटच्या तीन फायली राहतात. शनिवार-रविवारच्या रिकाम्या आल्या असल्या तरी गिनतीत धरल्या जातात. साडेदहाला सोमवारची येणार, आणि शुक्रवारची आपोआप पुसली जाणार. हे सगळं त्यानं ज्योत्स्नाला सांगितलं, खूण काढल्याचंही.

"सर, साडेदहाचं काम थांबवायला सांगू? ते कारण विचारतील."

तिथंच खरी मेख होती. कारण सांगायचं म्हणजे खूण कोणी काढली ते सांगायचं.

"आपण म्हणू, तपासणीसाठी जुनी फाइल हवीय," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"तपासणीसाठी ते काम रोखणार नाहीत. आधी अर्ज भरा म्हणतील."

तेवढ्यात अभिमननाना दारात आले. चुलत्यांमध्ये थोरले, फेटा बांधून तयार. "चुडामण, बठ्ठा लोके निघनात! तू काय करी ऱ्हायना? तुना त्या कम्प्युटरना अंगमा कानबाई उनी का काय?"

"नाना, तुमी चाला. मी येस."

"दोन दिसफाईन देखी ऱ्हायनू, तुना पाय एक जागे नही. भाकर तरी गोड लागस का रे तुले?"

नाना बडबडत गेले. रत्ना उंबऱ्यावर उभी होती. तिनं फोनवरचं अर्धं ऐकलं होतं.

"तुमनी चूक शे का?"

"शे."

"मंग बोली टाका ना. ईतलं फिरी फिरी जमीनले खड्डा पडी."

दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. चुडामणनं तिकडं मशीनवरची रोजची कामं चालवणाऱ्या बाईला फोन लावला. इंग्रजी त्याचं ओबडधोबड होतं, पण आज गुळगुळीत बोलायची गरजच नव्हती. शुक्रवारी भरताना खूण मी काढली, नक्कल मी घेतली नाही, साडेदहाचं काम थांबवलं नाही तर एक्केचाळीस हजार ओळींची माहिती जाईल. पलीकडून कीबोर्डची खडखड ऐकू आली.

"थांबवलं," ती म्हणाली. "तुमचं नाव स्पेलिंगसकट सांगा."

त्यानं एकेक अक्षर सांगितलं.

पुढचा दीड तास तो लॅपटॉपसमोर बसला कमी, उभा राहिला जास्त. ज्योत्स्नानं टेबल शुक्रवारच्या आधीपर्यंत आणलं, त्यानं फाइल पुन्हा भरली, आता लॉग ठेवून. नदीवरून हलगीचा आवाज येत होता, मधेच बंद पडत होता. ओळी मोजल्या. एक्केचाळीस हजार दोनशे सहा. शुक्रवारी तेवढ्याच होत्या. त्यानं पुन्हा मोजल्या. मग ज्योत्स्नाला मोजायला लावल्या.

"आता पूर्ण नक्कल," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं लागतील."

"सर, तुम्ही नदीवर जा. मी बघते."

"नाही."

नक्कल चालू असतानाच तिकडून मेल आला. खूण काढायचा हुकूम चुडामणच्या हातातून काढून घेतला होता. यापुढं असं काही करायचं झालं तर ज्योत्स्नाची मंजुरी लागणार होती. खाली अजून एक ओळ होती. सकाळपासून त्या दवाखान्यांत ज्यांना औषध दिलं गेलं त्या सगळ्यांची यादी तपासायला घेतली आहे, कोणाला न चालणारं औषध गेलं का ते तुमच्या संध्याकाळपर्यंत कळवू.

ओल्या पायांनी लोक नदीवरून परतले, अंगण भरलं. नाना म्हणाले, "झायं का तुनं?"

"मनं झायं, नाना," चुडामण म्हणाला, आणि फोन हातात घेऊन परत परसाकडं निघाला. संध्याकाळ व्हायला अजून सहा तास होते.