व्याही आणि बंदरातले दोर

या जगात जे काही अडतं ते कुठेतरी कोणीतरी गाठ मारून ठेवल्यामुळेच अडतं, असा आमच्या व्याह्यांचा ठाम सिद्धांत आहे आणि तो त्यांच्या डोक्यातून काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. व्याही जानेफळचे. वांगी, मिरच्या, मेथी, कोथिंबीर पिकवतात आणि उरलेल्या वेळात गाठी सोडतात. गाय व्यायला झाली की हे गोठ्यातली सगळी दावी सोडणार, पोत्यांची तोंडं मोकळी करणार, घरातल्या कोठीचं कुलूपही काढून ठेवणार. एक जीव मोकळा व्हायचा असेल तर आसपास काही बांधलेलं राहू नये, हे त्यांना आजीने शिकवलं आणि त्यांनी ते आजीपेक्षाही मनावर घेतलं. एकदा त्यांची गाय अडली तेव्हा यांनी शेजाऱ्याची बैलजोडीसुद्धा सोडून दिली. गाय सुखरूप सुटली. शेजारी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेहकरच्या रस्त्याने बैल हुडकत फिरला. तो तावातावाने भांडायला आला तर हे शांतपणे म्हणाले, "तुहे बैल सापडले नं? मंग? माह्या गायीचा जीव गेला असता त तो सापडला असता काय बे?" शेजारी चहा पिऊन परत गेला. या गृहस्थांशी भांडण पुरं करता येत नाही, हा माझाही अनुभव आहे.

मी मेहकरचा, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्यांची एकुलती एक लेक ही माझी सून. ती आणि माझा मुलगा जर्मनीत हांबुर्ग नावाच्या बंदराच्या शहरात राहतात. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आपला रिवाज. पण सुनेची आई काही वर्षांपूर्वी दवाखान्यातच वारली. तेव्हा आता कसं करायचं, अशी आमच्या घरी कुजबूज सुरू झाली, तोच व्याह्यांनी, त्यांच्या बोलीत इवायांनी, फोन केला. "माहेर काय फक्त बाईचंच असते, इवाई? म्या जातो." आणि हा माणूस, ज्याने त्याआधी विमान फक्त वांग्याच्या वाफ्यात उभं राहून पाहिलं होतं, स्वतःच्या हाताने वळलेले डिंकाचे लाडू, आळीव आणि बाळंतशेपा घेऊन आम्हा नवराबायकोबरोबर हांबुर्गला येऊन दाखल झाला. तिथेही ते सगळ्यांशी वऱ्हाडीतच बोलत. त्यांच्या मते वऱ्हाडी सावकाश बोललं की कोणालाही कळतं. पावाच्या दुकानातली बाई त्यांना पाहून हसायची आणि नेमका हवा तोच पाव द्यायची, त्यामुळे मला त्यावर काही बोलता आलं नाही.

सुनेला कळा सुरू झाल्या त्या जानेवारीतल्या एका सकाळी. दवाखान्यात एकालाच थांबू देत होते, तो माझा मुलगा थांबला. इकडे घरी व्याह्यांनी कामाला सुरुवात केली. कपाटं सताड उघडली, पडद्यांच्या दोऱ्या सोडल्या, माझ्या बायकोने बांधून ठेवलेली मसाल्यांची पुडकी मोकळी केली. मग त्यांची नजर माझ्या पायजम्याच्या नाडीकडे वळली, तेव्हा मात्र बायकोने आम्हा दोघांना घराबाहेर काढलं. "जा, बंदर पाहून या. इथे थांबून माझा जीव खाऊ नका." मी पँट चढवली आणि निघालो.

बुलढाण्याच्या थंडीला आपण उगाच थंडी म्हणतो. ही तिची खाष्ट सासू होती. नदीवरून येणारा वारा टोपीतून आत शिरून कानाचे तुकडे पाडत होता. व्याही बुटांच्या नाड्या मोकळ्या सोडून, मफलरची दोन्ही टोकं लोंबकळत ठेवून बर्फावरून चालत होते आणि ते घसरून पडतील या भीतीने मी त्यांचा दंड धरून चालत होतो. माझा दुसरा हात खिशातल्या फोनवर होता. मी "ती पाहा क्रेन, ते पाहा गोदाम" असं वाटाड्यासारखं सांगत होतो, पण माझं मलाच काही दिसत नव्हतं.

त्यात वाटेत एक पूल लागला. तिथली प्रेमात पडलेली पोरं-पोरी आपली नावं लिहून पुलाच्या कठड्याला कुलूप लावतात आणि किल्ली नदीत फेकून देतात. कठडा कुलपांनी नुसता लगडलेला. व्याह्यांचा चेहरा उतरला. "कुलपं लावली त लावली, पन किल्ल्या काऊन फेकल्या?" असं म्हणत ते एकेक कुलूप ओढून पाहू लागले. कसंबसं त्यांना तिथून पुढे काढलं, तर समोर धक्का! बंदर म्हणजे काय, तर बांधलेल्या वस्तूंचं गाव. होड्या बांधलेल्या, जहाजं बांधलेली, मांडीएवढ्या जाड दोरांचे वेढे खांबांना करकचून आवळलेले. नजर जाईल तिथे गाठ.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा आवाज चिरकला होता. बाळाचे ठोके कमी होत होते, सुनेला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. मी जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगितलं. व्याही एवढंच म्हणाले, "तिची माय बी अशीच आत गेली होती." आणि मी आवरायच्या आत ते खाली वाकून एका होडीचा दोर सोडायला लागले.

होडीवरचा दाढीवाला खलाशी ओरडत धावून आला. व्याह्यांनी मान वर न करता त्याला सांगितलं, "भाऊ, माही पोरगी आत हाय. येवढा एक सोडू दे." मी पोटावरून हात फिरवून, मग बाळाला झोके दिल्याचा अभिनय करून, दूर शहराकडे बोट दाखवून जमेल तसा खुलासा केला. खलाशी थांबला. त्याने व्याह्यांचे दोरावरचे हात पाहिले, सुटलेल्या नाड्या पाहिल्या. होडी काही त्याने सोडू दिली नाही. पण आत जाऊन गुंता झालेल्या जुन्या दोराचा एक भारा आणला आणि त्यांच्या पुढ्यात टाकला.

व्याही फरशीवर बसले आणि हातमोजे काढून एकेक गाठ सोडू लागले. दोर ओला, बोटं बधिर, गाठी वर्षानुवर्षं घट्ट झालेल्या. मी आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धा म्हणजे काय ते शिकवलं. पण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि दुसऱ्या टोकाने सोडवायला लागलो. नखं दुखायला लागली तरी मला थांबायची हिंमत होईना. खलाशाने दोघांपुढे कॉफी आणून ठेवली, ती तशीच गार झाली.

गुंता अजून पुरता सुटलाही नव्हता आणि फोन वाजला. या वेळी पडद्यावर मुलगा दिसला, रडत होता आणि हसतही होता. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. मग त्याने फोन सुनेकडे वळवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, डोळे धड उघडत नव्हते. बापाला पाहून तिचे ओठ हलले. "बाबा, जेवले का तुमी?"

"हाव माय, जेवलो," व्याही म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता.

फोन बंद झाला. मी त्यांना अभिनंदन म्हणायचंही विसरलो. ते दोर मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

"तिच्या मायनं बी आत जाता जाता हेच इचारलं होतं," ते म्हणाले. "तवा बी म्या हावच म्हनलं."

मग आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत बंदर पाहत बसलो.