सर्व्हरमधला उंदीर

सांगा बरं, विश्वास ठेवायचा कुणावर? तीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसावर, की दोन वर्षांपूर्वी खोक्यातून निघालेल्या यंत्रावर? घाई करू नका, आधी चहा घ्या. मी घाई केली होती, आणि कारंजाच्या भरबाजारात माझी जी शोभा झाली… आता तुमच्यापासून काय लपवायचं!

आमचं धान्याचं गोदाम. भाव चढेपर्यंत शेतकरी तूर-सोयाबीनचे कट्टे आमच्याकडे ठेवतात. कट्टे म्हणजे पोती हो. कोणाचे किती, हे आमचे मुनीम वामनराव वहीत लिहायचे. मी दहावी नापास, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून संगणक शिकलो. मग काय, अंगातच आलं! गादीमागे सर्व्हर बसवला, सगळ्या नोंदी त्याच्या पोटात घातल्या आणि वहीला रजा दिली.

"मालक, मले वहीच बरी," वामनराव म्हणाले.

"वामनराव, दुनिया चंद्रावर चालली!"

"जाऊ द्या ना. कट्टे तं इथंच हायेत."

काही महिन्यांनी गादीमागून आवाज यायला लागला. कट्… कट्… कट्… धान्याच्या व्यापाऱ्याला असा आवाज आला की दुसरं काय सुचणार? उंदीर! मी पिंजरा लावला, आत भजं ठेवलं. दुसऱ्या दिवशी भजं जसंच्या तसं. मग वडा ठेवला. तोही तसाच. इतका कडक उपास करणारा उंदीर मी जन्मात पाहिला नव्हता! शेवटी शेजाऱ्याची मांजर आणून बसवली. ती सर्व्हरच्या उबदार पाठीला टेकून झोपली ती झोपलीच. इथं उंदीर नाही, हे तिला कळलं होतं. पण मांजरीचा सल्ला कोण घेतो?

त्याच दिवसांत सकाळी दुकान उघडलं की पडद्यावर इंग्रजीत लाल सूचना यायची. तिच्याखाली बटण: 'रिपेअर'. रिपेअर म्हणजे दुरुस्ती, एवढं मला कळतं. दाबलं की हिरवी खूण. मग मी अगरबत्ती लावायचो आणि धंद्याला बसायचो.

एक दिवस जऊळक्याचे देवराव आले. "शेठ, माहे बेचाळीस कट्टे काढा."

संगणकात पाहतो तर छत्तीस!

"काहून? सहा कट्ट्याईले पाय फुटले का?"

गोदामात मोजले. बरोबर बेचाळीस. म्हणजे माल जागेवर, नोंद गायब! माझं व्यापारी डोकं लगेच धावलं. आधी नोंद पुसायची, मग माल हळूच न्यायचा, असा हा बेत! संगणकाला हात लावणारे आम्ही दोघंच. आणि मी तर मी आहे!

देवरावांसमोरच बोललो, "वामनराव, यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हंजे मी बोलतो?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. वामनरावांनी डबा उचलला, छत्री घेतली आणि आपल्या गावची, किन्हीराजाची एसटी धरली. तीस वर्षांत पहिल्यांदाच भरदुपारी.

मी पासवर्ड बदलला. बायकोलासुद्धा सांगितला नाही. तरी आठ दिवसांत आणखी अकरा नोंदी गेल्या!

जेवताना बायकोला हे सगळं सांगितलं. भाकर वाढता वाढता ती म्हणाली, "आहो, पासवर्ड कोनाले मालूम हाय?"

"फक्त मले."

"मंग चोर तुमीच."

मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्या सुनंदाताईंना बोलावलं. त्यांनी सर्व्हरला कान लावला.

"शेठ, हा आवाज कवापासून?"

"पाच महिने झाले. उंदीर आहे. फार हुशार आहे."

ताईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं, पिंजऱ्यातल्या वड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेठ, ही डिस्क मरून राह्यली. आतलं वाचता येत नाई म्हणून बिचारी डोकं आपटून राह्यली."

"पण मी रोज रिपेअर करतो!"

"थेच तं! जे वाचता येत नाई ते रिपेअर फेकून देते. रोज सकाळी तुमीच नोंदी झाडून बाहेर टाकल्या. बरं, बॅकअप हाये का?"

"आहे ना! एक दिवस चुकवला नाही."

"कुठं ठेवला?"

"याच डिस्कवर. दुसऱ्या फोल्डरमध्ये."

ताई खालीच बसल्या. "घराले आग लागन म्हणून दागिने या खोलीतून त्या खोलीत ठेवले तुमी!"

नवी डिस्क बसली, पण निम्म्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. मी किन्हीराजाला गेलो. वामनराव अंगणात बाज विणत होते.

"वामनराव, चुकलो."

"नाव चारचौघात घालवलं. अन् माफी एकट्यात कायले?" त्यांनी दोरी सोडली नाही. "साऱ्या शेतकऱ्याईले बलवा. ज्यानं त्यानं आपला आकडा सांगावा, अन् त्याच्यासमोर एक-एक कट्टा मोजावा. म्या नेला असन तं तिथंच दिसन. तवाच येतो मी."

निम्म्या नोंदी नाहीत म्हटल्यावर लोक दहाचे वीस सांगतील! पण वामनरावांशिवाय दुकान कसलं? कबूल केलं.

गोदामासमोर ही गर्दी! आधी मी सगळ्यांसमोर हात जोडून चूक कबूल केली. मग मोजणी. वामनराव नाव पुकारायचे, शेतकरी आकडा सांगायचा, हमाल मोजायचे. आणि काय सांगू, एकाचाही आकडा चुकला नाही! एकानंही एक कट्टा वाढवून सांगितला नाही. वामनरावांची मान हळूहळू ताठ होत गेली.

शेवटी त्यांनी पुकारलं, "मालक, तुमचे सोताचे?"

"वीस!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

मोजले. सतरा.

"अजून मोजा," मी म्हणालो. पुन्हा सतरा.

वामनराव शांतपणे म्हणाले, "तीन कट्टे तुमी उनाळ्यात घरी डाळीले नेले, मालक. 'घरचंच हाये, लिहू नका' म्हणले होते."

देवराव पागोटं सावरत म्हणाले, "बरं झालं शेठ, यंत्र बिघडलं. नाई तं हे कवा समजलं असतं?"

साऱ्या गोदामात खोटा आकडा एकच निघाला, आणि तो मालकाचा! वामनरावांनी नवी वही उघडली आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं: 'मालक, सतरा.' वर माझी सही घेतली.

तेव्हा मंडळी, वहीत लिहा नाहीतर सर्व्हरमध्ये, पण खरं लिहा. आणि सुरुवात स्वतःच्या घरी नेलेल्या पोत्यापासून करा, एवढी विनंती आहे.