व्यसनाचा रकाना

वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना होता: घरात कुणाला व्यसन आहे काय? मी लिहिलं, वडिलांना, दारूचं. दारूबंदीचे दिवस. असं लिहिणारा दुसरा मूर्ख त्या वर्षी नसणार. पण मी थेरगावातून पुण्याला कॉलेजात गेलेला पहिलाच. छापील कागदावर खोटं लिहिलं तर तुरुंगात घालतात, असं मला खरंच वाटे. पुढे धंद्यात मी भल्याभल्यांना पाणी पाजलं. हा सौदा मात्र तिथेच हरलो.

वडील वीटभट्टीवर गाडीवान. बाजाराच्या दिवशी ते पवनेच्या काठी हातभट्टीवर जात आणि तिथेच पडत. आई आणि मी त्यांना गाडीत घालून आणायचो. त्यामुळे दारूचा नुसता वास आला तरी मी तिथून उठून जायचो. खोली आणि जेवण फुकट होतं म्हणून माझं कॉलेज होतं. ते घालवून प्यायला मी काही वेडा नव्हतो.

माझ्या खोलीतला दुसरा मुलगा वकिलाचा. त्याच्या वडिलांकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर काढलेला परवाना होता. दिवाळीनंतर त्याने घरची बाटली पंच्यात गुंडाळून आणली. रविवारी दुपारी खोलीत चौघे बसले.

"ये की, पाटील! लाजतोस काय? तुला तर बाळकडूच मिळालंय!"

सगळे हसले. माझ्या अर्जातला तो रकाना एव्हाना वसतिगृहभर झाला होता. मी खाली जाऊन पायरीवर बसलो. इथेच चुकलो. दारातच उभं राहायला हवं होतं.

तासाभराने त्यांच्यातला एक जिन्यात ओकला. रेक्टर आले. बाटली माझ्या खाटेखाली निघाली. रेक्टरांनी माझा अर्ज मागवला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"घरातूनच येतं हे."

"माझ्या तोंडाचा वास घ्या, सर. मग या चौघांच्या."

"ती चांगल्या घरची मुलं आहेत."

माझं डोकं फिरलं. मी अर्ज हिसकावला. त्या झटापटीत त्यांचा चष्मा पडून फुटला. मला काढल्याच्या नोटिशीत दारूचा शब्दही नव्हता. कारण होतं दांडगाई. ती मी केलीच होती, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. त्या चौघांना ताकीद मिळाली.

ट्रंक घेऊन घरी आलो तेव्हा वडील गाडीच्या चाकाला वंगण लावत होते. सगळं सांगितलं.

"माजं नाव लिवलंस कागदावर?"

"व्हय. खरं हाय ते लिवलं."

"अरं, मला इचारायचं तरी. मीच सांगितलं असतं, न्हाई म्हणून लिव."

त्या दिवशी ते पूर्ण शुद्धीवर होते. प्यालेले असते तर मी चार शब्द सुनावले असते. वंगणाचे हात धोतराला पुसत त्यांनी विचारलं, "उद्या इटांच्या भट्टीवर येतूस का? एक माणूस कमी हाय."

मी हो म्हणालो.