पुठ्ठ्याची जाडी

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण खरी मोजपट्टी ती क्वचितच हातात धरायची. पुठ्ठ्याची कड अंगठ्याखालून नुसती सरकवली की तो दोन मिलिमीटरचा की अडीचचा, हे ती सांगायची. सव्वीस वर्षं बुटांची, घड्याळांची, काचसामानाची झाकणवाली खोकी तिने कापली. कापणीच्या टेबलाचं सुपरवायझर व्हायचं, एवढी एकच हाव तिने आयुष्यात धरली होती.

जागा रिकामी झाली आणि मालकांनी टूम काढली, लेखी परीक्षा घ्यायची. वीस प्रश्न, बारा बरोबर आले की पास. मोजपट्टीची शाळा चौथीतच सुटलेली. पण घरात भाची होती. बहिणीच्या मागे तिनेच वाढवलेली, शिकवलेली आणि वर्षापूर्वी मालकांच्या हातापाया पडून इथेच कामाला लावलेली. भाचीही परीक्षेला बसणार होती. दोघी एकाच पुस्तकातून अभ्यास करू लागल्या.

"आयत, वर्तुळ हे सपाट आकार," भाची वाचायची. "खोकं, डबा, चेंडू या घनाकृती. कळलं?"

"कळलं. आणि पुठ्ठा?"

"पुठ्ठा म्हणजे आयत. सपाट."

"सपाट कसा गं? हे बघ." मोजपट्टीने तर्जनी पुढे केली. पुठ्ठ्याच्या कडांनी कापलेल्या जुन्या चिरा तिच्यावर होत्या. "हे काय सपाटाने कापलं? जाडी आहे त्याला."

"मावशी, तू पण ना! पुस्तकात आहे तसं लिही आणि मोकळी हो."

नेमका तोच प्रश्न आला. पुठ्ठ्याचा तुकडा सपाट आकार की घनाकृती? मोजपट्टीने लिहिलं, घनाकृती. दुसरं काही लिहायला तिचा हातच वळेना. तिला अकरा मिळाले, भाचीला सतरा. पुस्तकातल्या पुठ्ठ्याने कुणाचं बोट कापत नाही, हे पेपर तपासणाऱ्याला कोण सांगणार? तिने सगळ्यांदेखत भाचीची पाठ थोपटली, आणि मग गोदामामागे जाऊन पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून भाची कारखान्यात तिला 'तुम्ही' म्हणू लागली.

पहिलीच ऑर्डर आठशे खोक्यांची. भाचीने मापांचा कागद आणून दिला. खोकं तीस बाय वीस, झाकणही तीस बाय वीस.

"अगं, झाकण खोक्याच्या बाहेरून बसतं," मोजपट्टी हळूच म्हणाली. "दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची जाडी धर. वर केसभर सूट."

टेबलाभोवतीच्या बायका ऐकत होत्या. भाचीचा चेहरा लाल झाला. "मावशी, याच प्रश्नावर तुमचा एक मार्क गेला ना? कागदावर आहे तेवढंच कापा."

बायका खुदकन हसल्या. मोजपट्टीने मापांचा कागद समोर ठेवला आणि कापायला घेतलं. एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. मालकांकडेही जाता आलं असतं. ती गेली नाही. दिवसभरात तिने आठशे झाकणं कापली, एकेक हुबेहूब मापाची, आणि प्रत्येक कापाला तिला आतून बरं वाटत होतं. या बरं वाटण्याची तिला लाजही वाटली, पण हात थांबला नाही.

दोन दिवसांनी खोकी चिकटवून तयार झाली. एकही झाकण बसेना.

"सव्वीस वर्षं माशा मारल्यात का बाई?" मालक सगळ्यांसमोर ओरडले. "मापं कुणाची ही?"

मोजपट्टीने भाचीकडे पाहिलं. भाचीने जमिनीकडे पाहिलं.

"कापणी मावशींची होती," भाची म्हणाली.

उद्यापासून मोजपट्टीने चिकटवणीला बसायचं, नव्या बायकांबरोबर, असं ठरलं. अंगठा आता खळीत बुडणार होता.

त्या संध्याकाळी घरी भाचीने स्वयंपाक केला, मावशीचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या जवळ आणून ठेवला. बराच वेळ घुटमळली.

"मावशी, झाकणं उद्या परत कापायचीत. जाडी किती धरायची गं? सांग ना."

घरात मावशी पुन्हा 'तू' होती.

"सपाटाला जाडी नसते," मोजपट्टी म्हणाली, आणि तिने ताट पुढे ओढलं.