‘पुसा’ म्हणजे काय?
सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, केळीच्या ऐन हंगामात, आमच्या रावेरकडच्या अक्कांवर अन्याय झाला. पिकल्या केळीचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. जळगावातल्या एका केळी मंडळाच्या ऑफिसात अक्का कामाला होत्या, तिथे नवा संगणक आला होता. पडद्यावर गुलाबी गोल बटनं, त्यातल्या एकावर लिहिलेलं ‘पुसा’. केळी पाठवायच्या रेल्वे वॅगनसाठी एका शेतकऱ्याचा नंबर कितवा, हे विचारायला अक्कांनी तेच दाबलं आणि सगळ्यांचे नंबर उडाले. “आमच्याकडे पुसनं म्हंजे इचारनं, भाऊ!” त्या कळवळून म्हणाल्या. प्रोग्रामवाला हसला, “‘नोंद काढून टाका’ एवढं लांबलचक लिहिलं तर बटनाची शोभा जाते, अक्का.” शोभा शाबूत राहिली, नोकरी अक्कांची गेली. तुम्हीही असले पडदे रंगवत असाल तर खुशाल रंगवा, पण त्याआधी आम्हाला पुसा!