अक्कांनी वसवलेले सातशे वर्षांपूर्वीचे गाव

अक्कांची आणि माझी ओळख मिरच्यांवरून झाली. अठरा वर्षांपूर्वी मी दोंडाईच्याच्या आमच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू झालो. मी धुळ्याचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवत, त्यामुळे मोठ्या कापडावर हात चालवायची मला सवय होती. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी सांगितले, की इतिहास शिकवणाऱ्या सुनंदाबाईंना सहावीसाठी सातशे वर्षांपूर्वीच्या बाजाराचा पडदा हवा आहे. मी दोन दिवस खपून तो रंगवला आणि मधोमध लाल मिरच्यांचा ढीग काढला. दोंडाईच्याचा बाजार म्हटल्यावर दुसरे काय काढणार?

बाई आल्या. त्यांना सगळी शाळा अक्का म्हणते, हे मला तोवर कळले होते. बराच वेळ पडद्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “सर, फार सुंदर झालाय. फक्त मिरच्या काढा.”

“का?”

“तेव्हा आपल्याकडे मिरची नव्हती. नंतर समुद्रापलीकडून आली. भुईमुगाच्या शेंगाही पुसा.”

“मग लोक तिखट काय खात होते?”

“मिरी होती. पण इथल्या गरिबाच्या घरात ती असायची का, ते मला माहीत नाही.”

मी पार गोंधळलो. मिरचीशिवायचा खानदेश मला डोळ्यांसमोर आणता येईना, आणि ‘माहीत नाही’ असे सरळ म्हणणाऱ्या इतिहासाच्या बाई मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

अक्कांची शिकवण्याची रीत पुढे जवळून पाहिली. त्यांच्या वर्गात राजे थोडे आणि माणसे फार असत. लोक सकाळी उठून दात कशाने घासत, आजारी पोराला काय देत, दिवा कशावर जळे, असे प्रश्न त्या मुलांना विचारत आणि ठाम उत्तर दिसेना तिथे फळ्यावर मोकळी जागा सोडत. वर्षातून एकदा शाळेच्या मैदानात ‘जुन्या गावाचा दिवस’ होई. कुणी कुंभार, कुणी कोष्टी, कुणी शेतकरी. मुली जात्यावर ज्वारी दळत, मुले दोर वळत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारले, “यात गुण कशाला द्यायचे?” अक्का म्हणाल्या, “तेच मलाही नीट ठरवता आलेलं नाही.” साहेब चहा न घेता गेले.

त्यांच्या मायेबद्दल एकच सांगतो. माझी आई धुळ्याच्या दवाखान्यात महिनाभर होती, तेव्हा माझे तास कोण घेते याची मी चौकशीही केली नव्हती. परत आलो तर मुलांच्या वह्यांत विचित्र प्राणी होते. अक्कांनी सगळे तास घेतले होते. त्यांना चित्र येत नाही. फळ्यावर काढलेला बैल शेळीसारखा दिसला, म्हणून त्यांनी खाली ‘बैल’ असे लिहून दिले होते आणि मुलांनी ते इमानाने उतरवले होते. मी आभार मानू लागलो तेव्हा त्यांनी आईला आता जेवण जाते का, एवढेच विचारले.

आता त्या दिवसाबद्दल. तो अक्कांच्या या गौरवग्रंथात लिहावा की नाही, यावर मी महिनाभर घोटाळलो. शेवटी अक्कांनाच विचारले. त्या म्हणाल्या, “तेच लिहा. बाकी चांगलं लिहायला पुष्कळ जण आहेत.”

माझे शाळेतले ते पहिलेच वर्ष. गावातली कामे मुलांना चिठ्ठ्या टाकून मिळत. काही चिठ्ठ्यांवर अक्का ‘गावकुसाबाहेरचे’ असे लिहीत. ती चिठ्ठी ज्यांना येई त्यांनी पाणवठ्याला, म्हणजे शाळेच्या नळाला, हात लावायचा नाही. कुणी वरून ओतून देईल तेव्हाच प्यायचे. ज्या गावात अशी माणसे दाखवली नाहीत ते गाव खोटे, असे अक्कांचे म्हणणे. त्या वर्षी ही चिठ्ठी भारती नावाच्या मुलीला आली. आणि भारतीच्या पणजोबांच्या वाट्याला हेच जगणे खरोखर आले होते.

उन्हाचे दिवस होते. बाकीची मुले खेळात रंगली. भारती नळाजवळ उभी होती आणि तिला पाणी ओतून द्यायचे एकाही मुलाला सुचले नाही. मी पडदा बांधत होतो. मी तिला पाहिले, पण खेळाचा भाग समजून सोडून दिले. जेवणाची घंटा झाली तेव्हा ती घरी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. आगारात मेकॅनिक होते, कामाच्याच कपड्यांत आले होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, “अक्का, मनी पोरले हाई शिकाडानी गरज नही शे. आम्हले बठ्ठं माहीत शे. जेस्ले माहीत नही, तेस्ना पोरेस्ले उभं करा.”

आम्हाला सगळे माहीत आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्या पोरांना उभे करा. अक्का उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमचं बरोबर आहे. मी चिठ्ठ्या टाकल्या आणि मला वाटलं, चिठ्ठीपुढे सगळी पोरं सारखी.”

ते गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. मुख्याध्यापकांचे म्हणणे, ती चिठ्ठीच काढून टाका. मीही तेच म्हणालो, “अक्का, सहावीची पोरं आहेत. मडकी दाखवा, जातं दाखवा.”

“म्हणजे भारतीच्या पणजोबांना गावातून दुसऱ्यांदा बाहेर काढायचं,” अक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आणि ठेवलं, तर तिला उन्हात उभं करायचं. सर, मला खरंच कळत नाही.”

संध्याकाळी त्या भारतीच्या घरी गेल्या आणि मला सोबत नेले. अक्कांनी तिला विचारले, “चिठ्ठी आली तेव्हा तू बोलली का नाहीस?”

भारती म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं ना, खेळ मोडायचा नाही. म्हणून उभी राहिले.”

अक्कांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्या म्हणाल्या, “उद्या वर्गात सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागते.”

“नको. सगळे परत माझ्याकडेच बघतील.”

ती वाटही बंद झाली. अक्कांनी तिथेच, तिच्या आईवडिलांसमोर, हात जोडून माफी मागितली. भारतीच्या आईने चहा केला. तो पिऊन आम्ही निघालो.

पुढच्या वर्षी चिठ्ठ्या राहिल्या, पण ती एक नव्हती. ती जागा अक्कांनी स्वतः घेतली. प्रार्थनेपासून त्या नळाजवळ उभ्या. मुले घुटमळली. खेळाचा नियम पाळावा की अक्कांना पाणी द्यावे? एका मुलीने विचारले, “अक्का, हे खरं आहे की खेळ?”

“तेव्हा खरं होतं,” अक्का म्हणाल्या.

तांब्या माझ्या हाताशी होता. मीही ओतला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. दुपारी त्या मुलीनेच ओंजळीत पाणी ओतले, आणि मग वर्गात जे प्रश्न आले ते दोन तास संपले नाहीत. त्यानंतर दुसऱ्या काही पालकांची तक्रार आली, की आमचे पूर्वज वाईट होते असे पोरांना शिकवता का. वर्षभर तो दिवस बंद राहिला. अक्कांनी त्यांनाही घरी जाऊन भेटायचे सोडले नाही. काहींना पटले, काहींना नाही. वर्षाने मैदानात गाव पुन्हा वसले, आणि निवृत्तीपर्यंत दर वर्षी नळाजवळ अक्काच उभ्या राहिल्या.

भारती आता धुळ्याजवळ एका शाळेत शिकवते. या ग्रंथासाठी लिहिशील का, असे मी तिला फोनवर विचारले. ती म्हणाली, “सर, त्या दिवसाबद्दल मला काय वाटतं, ते अजून ठरलेलं नाही. कधी राग येतो. पण तो धडा मी माझ्या वर्गात गाळत नाही. मुलांनी विचारलं तर मलाही पुष्कळदा माहीत नाही म्हणावं लागतं.” अक्कांच्या सत्काराच्या समारंभाला येणार का, असे विचारल्यावर म्हणाली, “येईन. बाबाही येतील. ते बोलणार नाहीत, पण येतील.”

सुनंदाअक्का साठाव्या वर्षात पदार्पण करत आहेत. त्यांचे गुडघे दुखणे थांबो, नजर अशीच स्वच्छ राहो, आणि त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. किती दीर्घ, हे मी सांगणार नाही. त्या दिवसाबद्दल काय वाटते, ते भारतीचे एके दिवशी ठरेल. ती दोंडाईच्याला येऊन ते अक्कांना सांगेल, तेव्हा ते ऐकून घ्यायला अक्का घरी असाव्यात.